पिराजीची शेपटं

चित्रपट संकलक पिराजीला आज अख्खं कोल्हापूर बहिरा पिऱ्या म्हणतं. त्याचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. दोन खोल्यांपलीकडे त्याच्या बायकोनं, शालननं, दुधाखालचा गॅस बारीक केला तरी त्याला कळतं. तरीही कोपऱ्यावरचा चहावाला त्याला बघून तोंड उघडत नाही, एक चहा का दोन, तेवढं बोटांनी विचारतो. हे कसं झालं ते आता ऐका, पण आधीच सांगून ठेवतो, ह्यात शेवटाला कुणाचं भलं व्हायचं नाही.

पिराजी मूळचा हुपरीचा. घरात पैंजणांचं काम. चांदीच्या कडीला कडी जोडायची, आणि जोड दिसता कामा नये. बाप डोळे मिटून पैंजणावरनं अंगठा फिरवायचा. अंगठ्याला जोड लागला की पैंजण परत भट्टीत आणि पोराच्या पाठीत रपाटा. असले रपाटे खात पिराजी एकोणीस वर्षांचा झाला आणि एक दिवस एसटीत बसून कोल्हापुरात आला. एका जुन्या स्टुडिओत अप्पा नावाचे संकलक होते, त्यांच्या हाताखाली लागला. तेव्हा फिल्म ब्लेडनं कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. आठव्या दिवशी अप्पांनी त्यानं जोडलेल्या फिल्मवर बोट फिरवलं, परत फिरवलं आणि त्याला स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली.

आता शेपूट म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला की नट थांबतो. पण कॅमेरा लगेच थांबत नाही, दोन-चार सेकंद फिरतच राहतो. त्या तुकड्याला अप्पांच्या खोलीत शेपूट म्हणायचे. शेपटात काय असतं? नटी नाक पुसते, राजा झालेला नट विडी मागतो, कुणी कुणाला शिवी हासडतो. सगळे संकलक शेपटं कापून टाकून देतात. पिराजीनं आयुष्यात एक शेपूट टाकलं नाही. आधी डब्यात ठेवायचा, पुढं संगणक आल्यावर हार्ड डिस्कमध्ये. ‘कट’च्या आधी माणूस पगारी असतो आणि ‘कट’नंतर खरा असतो, असं त्याचं म्हणणं होतं.

दिग्दर्शक अमरसिंह नेसरीचा. अंगानं आडवा, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. पहिला चित्रपट काढला तो दूधसंस्थेच्या निवडणुकीवर, आणि संकलनाला पिराजीला घेतलं. चित्रपट म्हणजे नुसता आरडाओरडा होता. त्यात एका बाईचा नवरा घर सोडून जातो असा प्रसंग, आणि नटीला काही केल्या रडू येईना. अमरसिंहनं अकरा वेळा तोच शॉट घेतला, बाई अकरा वेळा खोटं रडली. पिराजीनं नवव्या वेळचं शेपूट काढलं. ‘कट’ झाल्यावर बाईनं चपलेतला खडा काढला, एक उसासा टाकला आणि उगाच वाटेकडं बघितलं. रडण्याच्या जागी पिराजीनं तेवढंच लावलं. थिएटरात बायकांनी पदर डोळ्याला लावले. पेपरात आलं की अमरसिंहांना मौनाची भाषा अवगत आहे. झालं! त्या दिवसापासनं गडी ‘कट’ म्हणायला मुद्दाम उशीर करायला लागला, आणि मुलाखतीत त्याला आपली शैली म्हणायला लागला.

बावीस वर्षांत दोघांनी अकरा चित्रपट केले. प्रत्येक सत्काराला अमरसिंह एक वाक्य न चुकता म्हणायचा, “पिराजी म्हणजे माझं डोळं आणि माझं कान.” टाळ्या पडायच्या. खोलीत मात्र तो पाय टेबलावर टाकून बसायचा आणि पिऱ्या, पाणी आण म्हणायचा. पिराजी आणायचा. खोटं कशाला बोलायचं, त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. इतका मोठा माणूस आपल्याला पिऱ्या म्हणतो ह्यातच तो खूश होता.

चौदा वर्षांमागं पुण्याहून राजनंदिनी नावाच्या निर्मात्या आल्या. बाईंनी ह्या दोघांचा चौथा चित्रपट पाहिला होता आणि शोधत शोधत थेट संकलनाच्या खोलीत आल्या होत्या. अर्धा दिवस पिराजीच्या मागं खुर्ची टाकून बसल्या. जाताना म्हणाल्या की माझा पुढचा चित्रपट तुम्हीच जोडायचा, आठ दिवसांत फोन करते. पिराजीनं घरी येऊन शालनला सांगितलं. शालननं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला. हुपरीत बापाच्या कानावर गेलं, आणि ज्या माणसानं जन्मात पोराला बरं म्हटलं नव्हतं त्यानं चांदीच्या चार कड्या जोडून सुनेला जोडवी पाठवली. आठ दिवस गेले, महिना गेला. पिराजीनं धीर करून फोन लावला, तर बाई फार हळू आणि फार गोड बोलल्या, आणि काम दुसऱ्याला दिल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवूनच दिला.

तो अमरसिंहकडं गेला. अमरसिंहनं खांद्यावर हात टाकला. म्हणाला की तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नव्हतो, पण त्या बाईला तुझं काम गावठी वाटलं, मला तसं तोंडावर म्हणाली.

हे वाक्य पिराजीच्या हातात शिरलं. हात म्हणजे त्याची अख्खी पुंजी, आणि त्याच हाताला धरसोड लागली. आधी तो शॉट बघायचा आणि कापायचा. आता कापायच्या आधी मान मागं वळवायचा आणि विचारायचा, दादा, हितं कापू? बावीसपैकी शेवटची चौदा वर्षं त्यानं हे विचारण्यात घालवली. अमरसिंह कधी हो म्हणायचा, कधी उगाच नाही म्हणायचा. बाप गेला तेव्हाही त्याच्या मनात तीच गाठ होती की पोरगं काहीतरी चुकलं असणार.

गेल्या वर्षी अमरसिंहला साठ पूर्ण झाली. शहरानं नागरी सत्कार ठरवला. पंधरा मिनिटांचा जीवनपट दाखवायचा होता, तो कोण करणार? पिराजी. त्यानं सगळ्या डिस्क काढल्या. सुरुवातीला अमरसिंहचा स्वतःचा आवाज पाहिजे होता. चौदा वर्षांमागच्या चित्रपटात त्यानं हौसेनं सरपंचाचं काम केलेलं, म्हणजे सदऱ्याला आतनं माइक लावलेला असणार. पिराजीनं त्या दिवसाची आवाजाची फाइल उघडली. चित्र ‘कट’नंतर चार सेकंदांत संपलं होतं. आवाजाचं शेपूट मात्र सव्वा तासाचं होतं. आवाजवाला यंत्र चालू ठेवून जेवायला गेला होता, आणि अमरसिंह माइक अंगावर घेऊनच हिंडत होता.

पिराजीनं आधी त्याचं जेवण ऐकलं. मग ढेकर ऐकली. मग फोन वाजला आणि अमरसिंह बोलायला लागला.

“कोण, पिराजी? बाई, तुमास्नी म्हणून सांगतो. कान गेलाय त्येचा. डावा पार गेलाय, उजवा जायला लागलाय. म्या हात वर करतो नि खाली आणतो, तवा त्यो कापतोय. कुणाला बोलू नका हां. लाजतंय बिचारं.”

फोन बंद झाला. पुढं अकरा सेकंद नुसता वारा, लांब कुठंतरी ट्रॅक्टर. मग अमरसिंह शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, “ह्यो पिऱ्या पुण्याला गेला, तर मला कुत्रं तरी इचारंल का रं?” आणि दोघं हसले.

पिराजीनं ते किती वेळा ऐकलं असेल ते त्यालाच ठाऊक. काय लबाड माणूस! आणि काय डोकं! नुसतं खोटं नव्हे, वर बोलू नका म्हणून कुलूपही घातलेलं. दयाळू बाई असल्या गोष्टीत काय करणार? तोंड मिटून बसणार आणि फोनवर गोड बोलणार. पण पिराजीला राग आला तो वेगळ्याचाच. तो विचार करत होता की ज्या हातांवर आपण चौदा वर्षं अविश्वास धरला, त्या हातांनी काहीच चूक केली नव्हती. आणि ते चांगले होते हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, तोच हा चोर.

त्यानं शालनला सांगितलं नाही. अमरसिंहकडं गेला नाही. हे जीवनपटात लावायचं, शहरासमोर, कलेक्टरासमोर, त्याच्या बायकोपोरांसमोर, असं त्यानं ठरवून टाकलं. आणि सांगायला बरं वाटतं, त्या तीन दिवसांत त्यानं एकदाही मान मागं वळवली नाही. कुणाला काही विचारलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोराचे हात परत आले होते.

जागा त्यानं अशी निवडली. आधी चार सत्कारांचे तुकडे. प्रत्येकात अमरसिंह तेच म्हणतोय, पिराजी म्हणजे माझं डोळं आणि माझं कान. तरुण अमरसिंह, मिशीवाला अमरसिंह, पिकलेला अमरसिंह. चौथ्या ‘कान’वर चित्र बंद. काळा पडदा, त्यावर तारीख आणि ‘फोनवर’ एवढाच शब्द. आणि लगेच आवाज, ‘कान गेलाय त्येचा.’ पुढं सगळं, थेट ‘लाजतंय बिचारं’पर्यंत.

मग कुत्र्याचं वाक्य आलं. पिराजीनं ते लावून बघितलं. मधे अकरा सेकंद वारा, ते काढलं. तरी ट्रॅक्टर राहतोच. आवाज पुसट आहे. आणि ‘लाजतंय बिचारं’वर जो दणका बसतो तो पुढच्या वाक्यानं ढिला पडतो. तीसएक वर्षांच्या सवयीनं हातानं निर्णय घेतला. त्यानं बिचारंच्या ‘रं’वर कापलं. जन्मात एक शेपूट न टाकलेल्या माणसानं त्या दिवशी तेवढं एक शेपूट टाकलं. जोड असा बसला की बापानं अंगठा फिरवला असता तरी लागला नसता.

सत्कार दसरा चौकातल्या सभागृहात होता. हलगी, तुतारी, फेटे, दारात दिग्दर्शकाचं वीस फुटी फ्लेक्स. पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून पुण्याहून राजनंदिनीबाई आलेल्या, आता केस पांढरे झालेल्या. पिराजी पडद्याच्या बाजूला भिंतीला टेकून उभा होता, कारण त्याला पडदा बघायचाच नव्हता. त्याला अमरसिंहचं तोंड बघायचं होतं.

जीवनपट सुरू झाला. पहिला ‘कान’, दुसरा, तिसरा, चौथा. अंधार. आणि सभागृहात अमरसिंहचा आवाज घुमला, कान गेलाय त्येचा.

अमरसिंहचं तोंड पांढरं झालं. हे पिराजीनं नीट बघितलं. हात खुर्चीच्या दांडीवर आवळले गेले, मान अर्धी पिराजीकडं वळली. चौदा वर्षांचा हिशेब म्हणून पिराजीला एवढंच मिळालं, आणि ते दीड सेकंद टिकलं.

कारण तेवढ्यात मागच्या रांगेतनं एकजण फसकन हसला. मग दुसरा. मग अख्खं सभागृह फुटलं. माणसं पोट धरून हसायला लागली, शिट्ट्या आल्या, कुणीतरी ‘नाद खुळा’ म्हणून ओरडलं. अहो, हसतील नाही तर काय करतील? माझं कान, माझं कान, माझं कान, माझं कान, आणि कान गेलाय त्येचा! ह्यापेक्षा नेमका विनोद त्या सभागृहात कधी झाला नव्हता. पिराजीनं थोबाडीत मारायला हात उगारला होता, आणि तो इतका ठेक्यात पडला की लोकांना टाळी वाटली. काम थोडं कच्चं असतं, जोड कुठं खटकला असता, तर एखाद्यानं तरी विचारलं असतं की हे काय आहे.

अमरसिंहला काय, एवढी फट पुरे होती. आधी त्याचे ओठ हलले, मग पोट हललं, मग तो डोळे पुसत उभा राहिला आणि माइक मागितला. म्हणाला की बघितलासा, ह्याला म्हणत्यात टायमिंग, आमची जुनी थट्टा हाय ही. मग पिराजीला वर बोलावलं. दोघांनी धरून नेलं त्याला. डोक्यावर फेटा बांधला. अमरसिंहनं त्याच्या डाव्या कानाशी हाताचा कर्णा केला आणि माइकमधनं ओरडला, “पिराजी, ऐकू येतंय न्हवं?”

सभागृह परत कोसळलं. पिराजीनं माइक हातात घेतला. तो म्हणाला, “थट्टा न्हाय ही. ह्यो फोन खराच झालेला. माझं काम गेलं त्यात.” लोक आणखी हसले. अमरसिंहनं त्याला मिठी मारली आणि मिठीतच माइक काढून घेतला.

कार्यक्रम संपल्यावर पिराजी जिन्याशी फेटा सोडत होता. राजनंदिनीबाई मुद्दाम थांबल्या होत्या. त्याच्या उजव्या बाजूला आल्या, कानाजवळ तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाल्या, “त्या फोनवर पलीकडे मीच होते. चौदा वर्षं मी कुणाला बोलले नाही. आज तुम्हीच चारचौघांत सांगितलंत, फार धीर लागतो त्याला.”

“बाई, मला ऐकू येतं,” पिराजी म्हणाला.

बाईंचे डोळे भरले. “मशीन लावलंय का?” त्यांनी हलकेच त्याच्या कानामागचे केस बाजूला करून बघितलं. “दिसत पण नाही हो अजिबात.”

बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, दाबला आणि गाडीकडं गेल्या. त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शालनला खोलीत बसवून सगळं ऐकवलं. फोन, वारा, ट्रॅक्टर आणि कुत्र्याचं वाक्य. मग तिनं विचारलं, “ह्ये शेवटचं का न्हाय लावलंसा?”

“ठेका बिघडत होता,” पिराजी म्हणाला.

शालननं त्याच्याकडं जे बघितलं ते सांगवत नाही. ती उठली आणि भाकऱ्या थापायला गेली. त्यानं ते वाक्य नंतर चार जणांना ऐकवलं. पण तोवर गावानं हसून घेतलं होतं. ऐकणारे म्हणायचे की हे तर आणखी भारी आहे, हे पण टाकायचं होतंस की, आणि असं म्हणताना ते बोटांनी कात्री करून दाखवायचे. महिनाभरात त्याचं नाव बदललं. दुसऱ्या दिग्दर्शकांनी त्याला विचारायचं मनात आणलं असेल तर तेही राहिलं, कारण थट्टेतसुद्धा बहिरा संकलक कुणाला नको असतो.

बाराव्या चित्रपटाला अमरसिंहनं बोलावलं आणि पिराजी गेला. जाणार कुठं? आता खोलीत पाहुणे आले की अमरसिंह समोर, पडद्याशेजारी उभा राहतो. हात वर करतो, शॉट चालू देतो, हात खाली आणतो. पाहुणे खूश होतात, मोबाइलवर काढून नेतात. पिराजी हाताकडं बघतो आणि कापतो.

एकदा पाहुणे गेल्यावर अमरसिंह मागं रेंगाळला. दार लावलं. पिराजीच्या पाठीमागनं, खालच्या आवाजात, त्याच्यासारख्या माणसानं कधी काढला नसेल अशा आवाजात त्यानं विचारलं, “पिऱ्या, त्या फोनच्या फुडचं बी हाय का रं तुझ्याजवळ?”

पिराजीला स्वच्छ ऐकू आलं. त्यानं मान वळवली नाही.

अमरसिंहनं परत विचारलं, जरा मोठ्यानं. पडद्यावर एक म्हातारी अंगण झाडत होती. पिराजी तिच्याकडं बघत बसला. खोलीतल्या कपाटात, डिस्कमध्ये, ते शेपूट आहे, आणि एवढी एकच भीती तो ह्या माणसाला देऊ शकत होता. अमरसिंह थोडा वेळ उभा राहिला. मग पुढं आला, पडद्याशेजारी थांबला आणि हात वर केला. म्हातारीनं झाडू भिंतीला टेकवला, कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघितलं. अजून दोन सेकंद थांबायला पाहिजे होतं, हे पिराजीला दिसत होतं. अमरसिंहचा हात खाली आला आणि पिराजीनं कापलं.